ॲड्रिनलमधील छोटी गाठ, किंचित वाढलेले कॉर्टिसॉल आणि हृदय: अहवाल हाती आल्यापासून पुढे काय करावे

मुतखड्याच्या कळा आल्या म्हणून, पित्ताशय पाहण्यासाठी किंवा करोनाच्या काळात फुफ्फुसांसाठी काढलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात शेवटाकडे कुठेतरी एक वाक्य असते: डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत २.३ सेंटिमीटरची गाठ, बहुधा ॲडिनोमा, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. खड्याचा इलाज होतो, दुखणे थांबते आणि ती फाइल कपाटात जाते. त्या ओळीचा विचार ना रुग्ण करतो, ना ज्यांनी स्कॅन मागवला होता ते डॉक्टर, कारण त्या दिवशीचा प्रश्न वेगळाच असतो. पुढे चार-पाच वर्षांनी रक्तदाबाची तिसरी गोळी सुरू होते, शुगर वाढते, एखाद्याला हृदयविकाराचा झटकाही येतो आणि या सगळ्याला वय, वजन व मुंबईची धावपळ एवढीच कारणे दिली जातात. ती कारणे बहुतेकदा खरीही असतात. मात्र काही जणांच्या बाबतीत त्या विसरलेल्या गाठीचाही त्यात वाटा असतो. हा लेख अशा ओळीचा अहवाल हाती आलेल्या व्यक्तीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही, पण डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जावे, काय विचारावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात हे त्यातून कळेल.

ॲड्रिनल ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिथे तयार होते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने दिसलेली एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी ॲड्रिनलची गाठ ही दुर्मीळ गोष्ट नाही. सीटी झालेल्या प्रौढांत शंभरातील तीन-चार जणांत ती सापडते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. यांतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र साधारण पाचातील एक ते दोनातील एक अशा गाठीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा हुकूम न जुमानता थोडे थोडे कॉर्टिसॉल स्रवत राहते; यालाच सौम्य स्वयंचलित स्रवण म्हणतात. ते इतके जास्त नसते की चेहरा गोल व्हावा किंवा पोटावर जांभळे पट्टे उमटावेत. म्हणूनच ते लक्षात येत नाही, आणि म्हणूनच त्याचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो.

हृदयाशी संबंध कसा येतो

कॉर्टिसॉल शरीराला आवश्यकच आहे. निरोगी माणसात ते सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. या उताराच्या काळात रक्तवाहिन्यांना, यकृताला आणि स्नायूंना उसंत मिळते. गाठीतून सतत पाझरणाऱ्या कॉर्टिसॉलमुळे ही रात्रीची घसरण पुरती होत नाही. दिवसाचे आकडे फारसे वेगळे दिसत नाहीत, पण रात्रीची पातळी चढी राहते आणि त्याचे परिणाम सावकाराच्या व्याजासारखे साचत जातात.

हे परिणाम अनेक वाटांनी होतात. कॉर्टिसॉल रक्तवाहिन्यांना आकुंचन घडवणाऱ्या संप्रेरकांबाबत अधिक संवेदनशील करते आणि वाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण घटवते. मूत्रपिंडात ते मीठ व पाणी धरून ठेवायला लावू शकते. त्यामुळे रक्तदाब वाढतो, आणि तो रात्रीही पुरेसा उतरत नाही. यकृतातून साखर अधिक बाहेर पडते व इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. चरबी हातापायांवरून हटून पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते. रक्तातील चरबीचे गणित बिघडते, रक्त गोठवणारे काही घटक वाढतात, आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होऊन तिची सैल पडण्याची क्षमता कमी होऊ शकते. यातले एकेक कारण सौम्य वाटते, पण एकाच माणसात ही सगळी एकत्र आली की हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. २०१४ मध्ये इटलीतील बोलोन्या येथून आलेल्या, रुग्णांचा पंधरा वर्षांपर्यंतचा मागोवा घेतलेल्या अभ्यासात दमन चाचणीत (ती दुसऱ्या पायरीत पाहू) कॉर्टिसॉल नीट दबत नसलेल्यांत हृदयविकाराच्या घटना व मृत्यू अधिक आढळले. २०२२ मध्ये सोळा देशांतील तीस केंद्रांच्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातही सौम्य स्रवण असलेल्यांत मृत्युदर जास्त दिसला, आणि ६५ वर्षांखालील स्त्रियांत हा संबंध सर्वांत ठळक होता. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांवरून कॉर्टिसॉल हेच एकमेव कारण आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण अशा रुग्णांना मधुमेह व रक्तदाब अनेकदा अगोदरपासूनच असतात. तरीही आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही होतात, हे लक्षात घेतले तर ४५ वर्षांच्या मुंबईकर बाईच्या अहवालातील ती ओळ ‘वयानुसार असते तसे’ म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

पहिली पायरी: स्कॅनचा अहवाल नीट वाचा

अहवालाबरोबर मिळालेली फिल्म व सीडी जपून ठेवा, कारण पुढचे तज्ज्ञ मूळ प्रतिमा पाहतील. केवळ छापील कागदावर त्यांचे भागणार नाही. त्या अहवालात तीन गोष्टी शोधा: गाठीचा आकार, ती एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, आणि तिची घनता. घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे एचयूमध्ये, लिहिलेली असते. ती शिरेतून औषध देण्याआधीच्या साध्या स्कॅनमधील असावी लागते. मुंबईत पोटाचा सीटी बहुधा औषध देऊनच केला जातो, आणि नुसता तसाच केला असेल तर घनतेचा निकाल लागत नाही. अशा वेळी ॲड्रिनलपुरता साधा सीटी पुन्हा करावा लागेल का, हे विचारावे. मुतखड्यासाठी केलेला सीटी मात्र सहसा औषधाविनाच असतो, त्यामुळे अशा रुग्णांचे काम सोपे होते.

घनता १० एचयू किंवा कमी आणि गाठ एकसारखी दिसत असेल तर ती चरबीयुक्त साधी गाठ आहे असे मानले जाते. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीचा आकार कितीही असला तरी कर्करोगाच्या शंकेसाठी पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याची गरज नसते. गाठ ४ सेंटिमीटरहून मोठी असेल आणि तिची घनता २० एचयूच्या वर असेल किंवा ती आतून ओबडधोबड दिसत असेल, तर विषय वेगळा होतो आणि शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो. घनता १० एचयूच्या वर असलेल्या प्रत्येक गाठीत रक्तातील मेटानेफ्रीनची तपासणी करून ती फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके सोडणारी गाठ, नाही याची खात्री करावी लागते. ही खात्री होण्याआधी त्या गाठीला सुई लावणे धोक्याचे आहे, आणि एरवीही ॲड्रिनलच्या गाठीची बायोप्सी क्वचितच लागते. रक्तदाब जास्त असेल किंवा रक्तातील पोटॅशियम कमी असेल तर मीठ व रक्तदाब सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन व रेनिन यांच्याही चाचण्या होतात. गाठी दोन्ही बाजूंना असतील तर आपल्या शहरात क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. त्यात कॉर्टिसॉल वाढण्याऐवजी कमी पडू शकते आणि उपचारांची दिशाच उलटी होते.

दुसरी पायरी: डेक्सामेथासोन दमन चाचणी

सगळा निर्णय या एका चाचणीभोवती फिरतो, आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे स्टेरॉइड औषध, घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्तातील कॉर्टिसॉल मोजायचे. औषध मेंदूला सांगते की शरीरात स्टेरॉइड पुरेसे आहे, त्यामुळे निरोगी ग्रंथी कॉर्टिसॉल बनवणे जवळजवळ थांबवतात. स्वतःच्या मर्जीने चालणारी गाठ मात्र थांबत नाही.

आपल्याकडे डेक्सामेथासोनच्या गोळ्या ०.५ मिलिग्रॅमच्या सर्रास मिळतात, त्यामुळे १ मिलिग्रॅमसाठी अशा दोन गोळ्या लागतात. दुकानदाराने दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरचे मिलिग्रॅम वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका, आणि घेतलेली वेळ कागदावर लिहून ठेवा. रक्त घरी येऊन नेणाऱ्या माणसाला ८ ची वेळ दिली आणि तो लोकल चुकली म्हणून साडेदहाला आला, तर तो नमुना देऊ नका; दुसऱ्या दिवसाची वेळ घेऊन चाचणी नव्याने करा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या नमुन्याचा निकाल येतो तेव्हा प्रयोगशाळेच्या कागदावर शेजारी सकाळच्या साध्या कॉर्टिसॉलची कक्षा छापलेली असते. औषध न घेतलेल्या माणसासाठी ती कक्षा साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असते. समजा, रुग्णाचा आकडा ३.४ आला, तर संगणक त्यावर ‘कमी’ अशी खूण करतो. हा कागद पाहून रुग्ण कॉर्टिसॉल कमी आहे असे समजतो, आणि घाईत असलेले डॉक्टरही क्वचित तसेच समजतात. प्रत्यक्षात डेक्सामेथासोननंतर तो आकडा १.८ च्या वर नसायला हवा. ३.४ म्हणजे दमन अपुरे झाले, आणि हाच तर सौम्य स्वयंचलित स्रवणाचा पुरावा. म्हणून प्रयोगशाळेच्या अर्जावर ‘डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅमनंतर’ असे ठळक लिहून घ्या आणि छापील कक्षेकडे दुर्लक्ष करा. काही ठिकाणी निकाल नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येतो. मायक्रोग्रॅमचा आकडा २७.६ ने गुणला की तो मिळतो, म्हणजे १.८ मायक्रोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोल.

जुन्या वर्गवारीत १.९ ते ५ या पट्ट्याला ‘शक्य’ आणि ५ च्या वरच्याला ‘निश्चित’ स्रवण म्हणत असत. आता दोन्हींना एकाच नावाखाली धरतात, पण आकडा जितका मोठा तितके कॉर्टिसॉल अधिक हे खरेच आहे. २ वर आलेल्या एका निकालाला ७ वर आलेल्या निकालाइतके महत्त्व देऊ नये, आणि १.८ च्या जरासे वर आलेल्या निकालावर चाचणी पुन्हा करून घेण्याआधी काही ठरवू नये.

खोट्या होकाराची, म्हणजे गाठ कॉर्टिसॉल सोडत नसतानाही आकडा चढा येण्याची, कारणे बरीच आहेत. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातील कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि आकडा फुगतो; डॉक्टरांच्या संमतीने त्या साधारण सहा आठवडे बंद ठेवून चाचणी करावी. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, फिटच्या आजारावरची फेनिटॉइन व कार्बामाझेपीन ही औषधे डेक्सामेथासोन यकृतात झपाट्याने संपवून टाकतात. ती स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नयेत. घेत असल्याचे तज्ज्ञांना सांगावे, पर्यायी चाचणी ते ठरवतील. नैराश्य, जास्त मद्यपान, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांनीही निकाल बदलतो. ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये किंवा बेस्टच्या रात्रपाळीत असणाऱ्यांचे शरीराचे घड्याळच उलटे फिरलेले असते. त्यांनी काही दिवस नियमित रात्री झोपल्यानंतरच ही चाचणी करावी, आणि तसे जमणे शक्य नसेल तर पाळीची माहिती तज्ज्ञांना द्यावी. दम्याच्या पंपातील स्टेरॉइड, गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन, गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मलमांतील स्टेरॉइड आणि सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या यांचीही यादी करा. या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असणे नवे नाही. केस व नखांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन काही रक्तचाचण्यांचे आकडे बिघडवते, तेही सांगावे.

तिसरी पायरी: गाठच कारण आहे ना, याची खातरजमा

दमन अपुरे आढळले की पियुषिकेतून येणारे, ॲड्रिनलला हुकूम देणारे एसीटीएच आणि ॲड्रिनलमधून येणारे डीएचईए-एस ही संप्रेरके पाहतात. गाठच स्वतःहून चालत असेल तर ही दोन्ही कमी असतात. इथे दोन व्यावहारिक अडचणी येतात. पहिली अशी की खेप वाचावी म्हणून अनेक जण डेक्सामेथासोनच्या सकाळीच सगळ्या चाचण्या उरकतात. पण त्या औषधानेच एसीटीएच दाबले जाते आणि शुगरही थोडी वाढू शकते. म्हणून एसीटीएच, डीएचईए-एस, शुगर व चरबीच्या चाचण्या औषधाआधीच्या वेगळ्या दिवशी करा. दुसरी म्हणजे एसीटीएच फार नाजूक असते. नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. अंधेरीहून भायखळ्यापर्यंत स्कूटरच्या डिकीत प्रवास केलेल्या नमुन्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे ही एक चाचणी तरी थेट प्रयोगशाळेत जाऊन द्यावी.

निदानावर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी कोणाकडे जावे, हा प्रश्न येतोच. हे काम एंडोक्रायनॉलॉजिस्टचे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांचे आहे. महापालिकेच्या परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतही असे तज्ज्ञ असतात. पहिल्या भेटीत स्कॅनची सीडी, औषधांची यादी, घरचे रक्तदाबाचे आकडे आणि असतील तर पूर्वीचे फोटो न्या. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नातील फोटोवरून चेहऱ्यातील बदल कळतो, आणि तज्ज्ञ तो खरोखर पाहतात.

एक सूचना मधेच द्यायला हवी. सहज काळेनिळे डाग पडणे, पातळ त्वचा, बोटभर रुंद जांभळे पट्टे, उकिडवे बसल्यावर हाताच्या आधाराशिवाय उठता न येणे, दादरच्या पुलाचा जिना चढताना मांड्यांत जोर न राहणे ही लक्षणे असतील तर तो सौम्य प्रकार नव्हे. तो उघड कुशिंग सिंड्रोम, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढल्याने होणारा आजार, असू शकतो आणि त्यासाठी वाट पाहायची नसते.

चौथी पायरी: हृदयाचा हिशेब मांडणे

ही पायरी चाचण्या पूर्ण होईपर्यंत थांबवू नका, असे मी आग्रहाने म्हणेन. कॉर्टिसॉलचा निकाल महिन्याने येवो की दोन महिन्यांनी, रक्तदाब व शुगरवर आजच काम सुरू करता येते, आणि गाठीचे काहीही ठरले तरी ते वाया जात नाही.

रक्तदाब घरी मोजा. दवाखान्यातील गडबडीत तो वर जातो, म्हणून दंडावर बांधायचे यंत्र घेऊन पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर सकाळी व संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजून आठवडाभराची वही भरावी. घरचा सरासरी आकडा १३५/८५ किंवा अधिक असेल तर उच्च रक्तदाब समजतात. शक्य असेल तर २४ तासांचे यंत्र लावून घ्या, कारण रात्री रक्तदाब उतरतो की नाही हे त्यातूनच कळते. तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर कॉर्टिसॉलशिवाय झोपेतील श्वासरोधाकडेही पाहावे. घोरणे व दिवसा येणारी झोप या लक्षणांचा उल्लेख डॉक्टरांकडे नक्की करावा.

शुगरसाठी एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी, सोयीची आहे, ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे त्याच्या उंबरठ्यावर. परंतु रक्तक्षय किंवा थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार असेल तर हा आकडा फसवतो, आणि आपल्याकडच्या स्त्रियांत लोहाची कमतरता भरपूर असते. शिवाय कॉर्टिसॉलमुळे होणारी वाढ बहुधा जेवणानंतर दिसते, उपाशीपोटीचा आकडा चांगला असू शकतो. त्यामुळे उपाशी व जेवणानंतरची शुगरही मोजा. लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतील अल्ब्युमिन, ईसीजी आणि गरज असल्यास टूडी एको या तपासण्यांनी चित्र पूर्ण होते. कमरेचा घेर टेपने मोजून लिहा. दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तो धोक्याचा मानतात. पाठदुखी असो वा नसो, मणक्यांची पाहणी करून घ्या. या आजारात मणका न दुखताही खचू शकतो, आणि अनेकदा तो त्याच जुन्या सीटीमध्ये दिसतो. प्रतिमा पुन्हा पाहायला सांगितले की झाले.

पाचवी पायरी: औषधे आणि ताटातला भाग

उपचार कॉर्टिसॉल वाढलेले नसलेल्या रुग्णाप्रमाणेच, फक्त अधिक कसोशीने करायचे असतात. रक्तदाबासाठी कोणते औषध योग्य, हे पोटॅशियम व मूत्रपिंड पाहून ठरते. लघवी वाढवणारी काही औषधे पोटॅशियम घटवतात, म्हणून ते तपासत राहावे लागते. काही जणांना स्पायरोनोलॅक्टोन उपयोगी पडते. मधुमेह असलेल्या किंवा एकूण धोका जास्त असलेल्या माणसाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, देतात, आणि ‘एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) नॉर्मल आहे’ म्हणून ते स्वतःहून बंद करणे चुकीचे आहे. ॲस्पिरिन मात्र सर्वांसाठी नाही, पोटातील रक्तस्रावाचा धोका असतो. तंबाखू, मिश्री व सिगारेट यांबद्दल लिहिण्याची गरज नाही, पण कॉर्टिसॉलमुळे रक्तवाहिन्या आधीच ताणलेल्या असताना त्यांचा भार अधिकच जाणवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवले आहे. मराठी स्वयंपाकात मीठ भाजीत तितकेसे दिसत नाही. ते पापड, लोणचे, सुकी मासळी, शेव, फरसाण आणि नाक्यावरच्या वडापावात लपलेले असते. आमटीत मीठ कमी करून शेजारी लोणच्याची वाटी ठेवली तर काहीच साधत नाही. व्यायामात चालण्याबरोबर स्नायूंना बळ देणारे व्यायामही ठेवावेत, कारण कॉर्टिसॉल स्नायू झिजवते. खुर्चीतून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणे-बसणे हा घरच्या घरी करता येणारा एक साधा प्रकार आहे.

सहावी पायरी: गाठ काढावी का

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांसाठी नसते. गाठ एका बाजूला असेल, दमन चाचणी पुन्हा करूनही आकडा चढाच असेल, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हाडांचा ऱ्हास असे कॉर्टिसॉलशी जोडता येणारे त्रास असतील, तर दुर्बिणीद्वारे ती ॲड्रिनल काढण्याचा विचार होतो. वय, लिंग, एकूण प्रकृती आणि रुग्णाची इच्छा हे सारे त्यात धरतात. तिशी-चाळिशीत तीन गोळ्यांवर असलेल्या बाईचा विचार आणि ऐंशीच्या आजोबांचा विचार एकसारखा होऊ शकत नाही. जादा कॉर्टिसॉलही नाही, त्रासही नाही आणि गाठ साधी आहे, तर काढू नये.

शस्त्रक्रियेचा फायदा नेमका किती, हे तपासणाऱ्या यादृच्छिक चाचण्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेले अभ्यास, युरोपात झाल्या आहेत. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अधिक जणांचा रक्तदाब सुधारला आणि अनेकांच्या गोळ्या कमी झाल्या. त्यांतील अलीकडच्या चाचण्यांचा काळ सहा महिने ते साधारण वर्षभर होता. त्यामुळे हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू टळतात, असे त्यांतून सिद्ध होत नाही. आणखी एक अपेक्षा आधीच कमी ठेवावी: दहा-पंधरा वर्षे जुना रक्तदाब वाहिन्यांत घर करून बसतो आणि गाठ गेल्यावर तो कमी होतो, पण नेहमी जातोच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ‘आता गोळ्या बंद’ असे न समजता आकडे पाहूनच मात्रा कमी करावी. शल्यचिकित्सक निवडताना त्यांनी ॲड्रिनलच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे सरळ विचारावे. अनुभवी हातात गुंतागुंत कमी असते आणि हा प्रश्न विचारण्यात कसलाच उद्धटपणा नाही.

दोन्ही बाजूंना गाठी असलेल्यांत निर्णय अधिक कठीण असतो. दोन्ही ग्रंथी काढल्या तर आयुष्यभर स्टेरॉइडवर राहावे लागते, म्हणून तिकडे शक्यतो जात नाहीत. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या काही रुग्णांत कॉर्टिसॉल बनवणे कमी करणारी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जातात.

सातवी पायरी: शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे

एका बाजूची गाठ वर्षानुवर्षे कॉर्टिसॉल पुरवत असते तेव्हा दुसरी ग्रंथी आळशी होते. गाठ काढल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल काही काळ अपुरे पडते. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे स्टेरॉइड, देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्टिसॉल मोजून पुढे गोळी चालू ठेवायची की नाही हे ठरवतात. ती काही आठवडे किंवा काही महिने लागू शकते आणि हळूहळूच कमी करायची असते. अंग ठणकणे, थकवा, मळमळ, उठल्यावर चक्कर येणे ही लक्षणे या काळात अशक्तपणाची समजून घरी सोसत बसू नयेत.

हायड्रोकॉर्टिसोन चालू असताना ताप, उलट्या किंवा जुलाब झाल्यास त्याची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करावी लागते, हे घरच्या प्रत्येकाला माहीत असावे, आणि त्याच्या सूचना डॉक्टरांकडून लेखी घ्याव्यात. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी तातडीने रुग्णालयात जावे. स्टेरॉइड चालू असल्याचे लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, कारण लोकलमध्ये चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या खिशातील तो कागदच उपचार ठरवतो.

आठवी पायरी: गाठ ठेवली असेल तर

गाठ काढायची नाही असे ठरले तरी फाइल पुन्हा कपाटात जाऊ नये. सौम्य स्रवण उघड कुशिंगपर्यंत जाणे फार क्वचित घडते, त्यामुळे दरवर्षी कॉर्टिसॉल मोजत राहण्याची घाई नसते आणि १० एचयूखालील गाठीला पुन्हा सीटीही लागत नाही. वर्षातून एकदा रक्तदाब, शुगर, चरबी व वजन यांचा आढावा मात्र हवाच, आणि हाडांच्या स्थितीची विचारपूसही व्हावी. यांपैकी काही बिघडत गेले, उदाहरणार्थ नव्याने मधुमेह झाला किंवा रक्तदाबाची आणखी एक गोळी वाढवावी लागली, तर दमन चाचणी पुन्हा करून शस्त्रक्रियेचा विचार नव्याने करतात. कुठल्याही टप्प्यावर छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काही जाणवले तर एंडोक्रायनॉलॉजिस्टची तारीख येईपर्यंत थांबू नका. १०८ वर फोन करून थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि तिथे ॲड्रिनलची गाठ असल्याचे व स्टेरॉइड घेत असल्यास तेही सांगा.